चालते न भाऊ

भाकर टम्म फुगली की करणारीच्या हाताचं कौतुक होतं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगली तेव्हा मात्र महिनाभर कोणाच्या लक्षातही आलं नाही. टचपॅड रोज थोडा वर येत होता आणि मला वाटायचं, कीबोर्डच खाली बसतोय. एक दिवस झाकण लागेना, मधून बोट जाईल एवढी फट राहिली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या दारव्हा तालुक्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, शाळेवर पत्रे, आणि लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही म्हणून चार्जर मी अष्टौप्रहर खुपसून ठेवलेला. लिथियमच्या बॅटरीचे हेच दोन वैरी: ऊन आणि सतत भरलेलं पोट. आत वायू धरतो. माणसालाही धरतो म्हणा.

नवी बॅटरी मागवायला डिसेंबर उजाडला. कंपनीची ४,५०० रुपयांना होती, आणि ‘तशीच’ १,९०० ला. मी तशीच घेतली. पुढे जे झालं ते या ‘तशीच’मुळे झालं असं बायकोचं मत आहे. माझं मत वेगळं आहे, पण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी ओट्यावर पोतं अंथरून लॅपटॉप पालथा घातला. शेजारचे काकाजी सुपारी कातरत बाजूलाच बसले. दहा स्क्रू निघाले, ते पोह्याच्या ताटलीत ठेवले. फुगलेली बॅटरी जपून काढली (तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, एवढं मला माहीत होतं) आणि रेतीच्या घमेल्यात ठेवली. काकाजींची नजर तिच्यावरच.

“मास्तर, हे किती होल्टची हाय?”

“अकरा पॉइंट चार.”

“माह्या फवारणीच्या पंपाले बारा लागते. सहा पॉइंटानं काय होते? चालते न!”

ती पेट घेऊ शकते, हे त्यांना पटवण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीसाठी तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले एक तेव्हा ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात ते आणखी कोणाला मिळालेलं नाही. त्यांचं आडनाव गुडइनफ. वऱ्हाडीत त्याचा अर्थ सरळ ‘चालते न भाऊ’ असाच होतो. काकाजींना सांगितलं तर म्हणाले, “पाय! मंग?”

नवी बॅटरी बसवली, स्क्रू आवळले. ताटलीत एक उरला. “राहू द्या, चालते,” काकाजी. बटण दाबलं.

काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, हूं की चूं नाही. चार्जर लावावा तर शनिवारीच गावातली डीपी, म्हणजे लाईनचा ट्रान्सफॉर्मर, उडालेली. अख्खं गावठाण अंधारात. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची शेवटची तारीख बुधवार, आणि मोबाईलवर ते पान अर्धंच उघडतं.

बंद पडलेल्या वस्तूवर गावात प्रत्येकाचा हक्क असतो. मोटारी भरून देणारा पोरगा येऊन म्हणाला, “कॅपॅसिटर गेला असन.” मोटर उलटी फिरली तर दोन फेज बदलवून पाहतात, तसं काही यात होत नाही का, असं एकानं विचारलं. बायको एवढंच म्हणाली, “तुमाले कोणं सांगतलं होतं खोलाले?” याला कोणत्याच व्हिडिओत उत्तर नव्हतं. तालुक्याच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ठेवून जा, आठ दिवसांनी पाहू. त्यात काही वावगं नाही म्हणा. आमच्या भागाला वाट पाहायची सवय आहे. मूर्तिजापूर-यवतमाळची नॅरोगेज रेल्वे शकुंतला बंद पडली, तरी दारव्ह्यातले म्हातारे अजून म्हणतात, “होईन सुरू.”

सोमवारी शाळेत एक उपाय केला. चार्जर काढलेला, बॅटरीचं कनेक्टर सोडवलेलं, आणि बटण तीस सेकंद दाबून धरायचं. आत साचलेला करंट निघून जातो. मोजायचं काम तिसरीला दिलं. पोरांनी तीसपर्यंत म्हटलं आणि जोरात चाळीसपर्यंत गेली. अंगठा दुखला, बाकी काही नाही. त्याच वर्गात एक जण स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर चघळत होता, ते जप्त करून खिशात टाकलं.

संध्याकाळी व्हिडिओ पाहताना कळलं की काही नव्या बॅटऱ्या झोपलेल्याच येतात. वाटेत आपोआप चालू होऊ नये म्हणून. चार्जर लागल्याशिवाय त्या डोळे उघडत नाहीत. म्हणजे करंट पाहिजे. काकाजी म्हणाले, “वावरात चला. आमची डीपी येगळी. या हप्त्यात रातची लाईन हाय.”

रात्री एक वाजता मी, लॅपटॉप आणि काकाजी हरभऱ्याच्या वावरात. ते तसेही ओलिताला आणि जागलीला जाणारच होते, रानडुकरं लय मातली आहेत. विहिरीवरच्या कोठ्यात स्टार्टरच्या बाजूला बल्ब आणि एक सॉकेट. त्यांनी हिरवं बटण दाबलं, मोटर घुमली. मी चार्जर खुपसला.

दिवा लागला! बॅटरी जागी झाली. पंखा फिरला. पडदा मात्र काळाच, आणि कॅप्स लॉकचा दिवा भूत पाहिल्यासारखा लुकलुकत होता. हे रॅमचं, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीचं, लक्षण. परवा बॅटरी बसवताना माझंच कोपर तिला लागलं असणार. पुन्हा सगळं बंद केलं, चार्जर काढला, स्क्रू खोलले (आता नऊच होते), रॅम काढली, तिचे पिवळे दात स्ट्रॉबेरीच्या रबरानं घासले आणि खटकन आवाज येईस्तोवर बसवली.

पडदा उजळला. काकाजींनी चक्क हात जोडले. मी मोबाईलचं नेट जोडलं, तर एकही साइट उघडेना. खाली पाहिलं, तारीख १ जानेवारी २०१६. मदरबोर्डवर नाण्याएवढी ३ व्होल्टची टिकली असते, मोठी बॅटरी काढली तरी घड्याळ तिच्यावर चालतं. माझी केव्हाच मेलेली. आणि तारीख एवढी मागं गेली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र म्हणतं, तुमच्या आजच्या दिवशी माझा जन्मच झालेला नाही. लॅपटॉपच्या हिशेबानं नोटबंदीला दहा महिने होते, पाचशेची जुनी नोट चालत होती, आणि बुधवार यायला अजून कित्येक वर्षं होती.

मी तारीख बदलायला घेतली तर काकाजींनी मनगट धरलं.

“कायले बदलवता मास्तर? राहू द्या न तशीच. तवा माह्यावर सोसायटीचं एकच कर्ज होतं.”

काय बोलावं ते मला सुचेना. तेवढ्यात हरभऱ्यात खसखसलं. काकाजी डबा बडवत अंधारात घुसले. त्यांची बॅटरी संध्याकाळपासूनच मंद होती, ती विझली.

“मास्तर, बॅटरी दाखवा न इकडं!”

मी लॅपटॉप उचलला आणि पडदा हरभऱ्याकडं धरला. ओढाताणीत चार्जरची पिन निघाली, तरी उजेड गेला नाही.