रोज दूध पिऊन लॅक्टेज परत येत नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप पुन्हा पुन्हा येतो. दूध सोडलं की ते पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम शरीर बनवेनासं होतं, रोज थोडं थोडं घेतलं की महिनाभरात शरीर ते पुन्हा शिकतं, आणि आपल्या पूर्वजांना असला त्रास नव्हताच, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. तो वाचून माझ्या आईने दोन महिने रोज रात्री पेलाभर हळदीचं दूध घेतलं. तासाभरात पोट गुडगुडायला लागायचं आणि पहाटे धावपळ. ‘अजून सवय व्हायची आहे गं,’ म्हणत तिने ते सोसलं. म्हणून या निरोपातला एकेक दावा तपासून बघते.

दूध सोडल्यामुळे एन्झाइम बंद होतं, हा पहिला दावा. खरा क्रम उलटा आहे. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बनवतात. क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर या एन्झाइमची कृती लिहिलेलं जनुक आहे; त्याची आरएनए नावाची कामचलाऊ नक्कल निघते आणि तिच्यावरून एन्झाइम घडतं. तान्ह्या बाळात या नकला भरपूर निघतात. अंगावरचं दूध सुटण्याच्या वयानंतर बहुतेक माणसांत त्या कमी होत जातात, मग घरात दूध चालू असो की नसो. गॅलॅक्टोसीमिया या आजाराच्या मुलांना जन्मापासून दूध वर्ज्य असतं, तरी त्यांच्यात लॅक्टेज सापडतं. म्हणजे दूध समोर आहे की नाही हे बघून पेशी काही ठरवत नाही.

मग ठरवतं कोण? 2002 मध्ये फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून ते कळलं. जनुकं डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेली असतात. लॅक्टेजच्या जनुकाच्या 13,910 अक्षरं अलीकडे, शेजारच्या जनुकाच्या पोटात, एक नियंत्रक तुकडा आहे. तिथे ‘सी’च्या जागी ‘टी’ असेल, तर मोठेपणीही नक्कल निघत राहते. आई किंवा वडील, एकाकडून जरी ‘टी’ आला तरी पुरतो. आफ्रिकेतल्या पशुपालकांत त्याच तुकड्यात वेगळे बदल आहेत, काम तेच. आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं, पण प्रत्येक नवी पेशी तेच अक्षर घेऊन येते. दूध पिऊन अक्षर बदलत नाही. जुलाबांत अस्तर खरवडलं जाऊन लॅक्टेज काही काळ कमी झालेलं असेल, तर ते भरून येतं. पण तिथे जखम बरी होत असते, सवयीचा संबंध नाही.

‘पण मला तर सवयीने खरंच फरक पडला,’ असं काही जण सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. लॅक्टोज पाहून एन्झाइम बनवणारे जीव खरोखर आहेत, ते म्हणजे जिवाणू. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधली ही यंत्रणा मांडली आणि 1965 मध्ये त्यांना सहकारी ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळालं. जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन अडसर होऊन बसलेलं असतं. लॅक्टोज आत आलं की त्यापासून बनलेला रेणू त्या अडसराला चिकटतो, अडसर सुटतो आणि काही मिनिटांत एन्झाइम तयार होऊ लागतं. आपण रोज थोडं दूध घेतो तेव्हा मोठ्या आतड्यात फारसा गॅस न करता लॅक्टोज खाणाऱ्या जिवाणूंचं फावतं, म्हणून गॅस कमी होऊ शकतो. शिकतात ते जिवाणू. आपलं लॅक्टेज होतं तेवढंच राहतं. शिवाय हा फायदा घोटभर दुधापुरता असतो, पोट दुखेस्तोवर रेटण्याचा नव्हे.

आता पूर्वज. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत लॅक्टेज कमी होतं, उत्तर युरोपसारखे प्रदेश त्याला अपवाद. भारतात तो ‘टी’ वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि ईशान्येकडे कमी आढळतो. त्यामुळे दूध न पचणं हा बिघाड नाही, मूळची मानवी स्थिती तीच. आणि आपल्याकडे दूध विरजायची रीत आहेच. दह्यातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात आणि उरलेल्यासाठी स्वतःचं एन्झाइम पोटात घेऊन जातात.

दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी मात्र वेगळी. तिथे ‘थोडं थोडं घेऊन बघा’ हा सल्ला धोक्याचा आहे. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर निरोप वाचत न बसता डॉक्टरांकडे जा.

आईचं रात्रीचं दूध मी बंद करायला लावलं. आता तिचा सकाळचा चहा, दुपारी वाटीभर दही आणि नाचणीची भाकरी असं चालतं. पहाटेची धावपळ पहिल्याच आठवड्यात थांबली.