चित्रात उपकरणं आहेत, प्रश्न कुठाय?

मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञाच्या चित्रांवरचा एक लेख वाचला. हुशार मुलंसुद्धा शास्त्रज्ञ काढायला सांगितला की चष्मा, पांढरा कोट आणि विस्कटलेले केसच काढतात, याचं त्यात आश्चर्य व्यक्त केलंय. मला ते अपेक्षितच वाटलं. अशी मुलं आजूबाजूचं भराभर टिपतात, मग कार्टूनमधला शास्त्रज्ञ तरी कसा सुटेल?

मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगून डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने केलेला १९८३ सालचा अभ्यास इथे आठवतो. ४,८०७ मुलांची चित्रं, त्यात स्त्री शास्त्रज्ञ फक्त २८, आणि त्या सगळ्या मुलींनीच काढलेल्या! दुसरीपासून ही ठरावीक चिन्हं दिसू लागतात आणि पाचवीपर्यंत पक्की होतात. म्हणजे जे करायचं ते पहिली-दुसरीतच करायला हवं.

मी शिष्यवृत्तीच्या मुलांना शिकवते. एका अतिशय चुणचुणीत मुलीने टक्कल पडलेले आजोबा काढले होते, खिशात तीन पेनं, चंचुपात्रात उकळतं हिरवं पाणी, दारावर 'आत येऊ नये'. हे काय शोधतायत, असं विचारलं तर म्हणाली, "प्रयोग करतायत." कशासाठी, ते तिला सांगता येईना. मला कोटापेक्षा हे जास्त खुपलं.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट या वयात जरूर सांगावी. बाई म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला गेला, पण त्या हटल्या नाहीत. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. आणि भारतातलं संशोधन कशावर, तर दूध, डाळी, नीरा! मुलांना हे लगेच कळतं, कारण डाळ रोज ताटात असते.