मागच्या जिन्याची किल्ली कुणाकडे आहे?

पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत मागच्या जिन्याने तळमजल्यापर्यंत उतरून बघा. समोर चॅनल गेट, त्याला साखळी, साखळीला कुलूप. किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा बँकेत गेलेत. वर हिरवा चकचकीत ‘एक्झिट’चा बोर्ड, त्यावरचा बाण थेट कुलपाकडे! जाब विचारला की उत्तरं तयारच: बाहेरची पोरं घुसतात, लेक्चर बुडवून पळतात, कॅमेरा एकाच दाराला आहे. अहो, मग पॅनिक बार बसवा की! आतून ढकललं की दार उघडतं, बाहेरून उघडत नाही, वर बझरही लावता येतो. चोरसुद्धा अडतो आणि पोरंही बाहेर पडतात. पण नाही, कुलूप स्वस्त पडतं.

आग लागली आणि वाट बंद असली की काय होतं हे दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाने १९९७ साली दाखवलं, ५९ माणसं गेली. सुरतेत २४ मे २०१९ ला क्लासची पोरं वरच्या मजल्यावरून उड्या मारताना सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. २२ जीव गेले. तरी आमच्याकडे कुलूप जागच्या जागी.

मुख्य जिना आहे ना, असं म्हणू नका. धूर आधी त्याच जिन्यातून वर चढतो. शिवाय इलेक्ट्रिक डक्टमध्ये, म्हणजे केबल वर नेणाऱ्या उभ्या बोळात, प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला केबलसाठी पाडलेली भोकं आगरोधक सीलंटने बुजवायची असतात. ती उघडी, आणि डक्टमध्ये झाडू, रद्दी, गॅदरिंगचे जुने फ्लेक्स. खाली पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट झालं की वरचे सगळे मजले धुराने भरणार.

आणि ते मॉक ड्रिल! परिपत्रक काढून, शनिवारी, अर्धं कॉलेज रिकामं असताना. एनएसएसची पोरं रांगेत, ट्रेमध्ये डिझेल पेटवलेलं, प्राचार्य आग विझवायचा सिलिंडर मारणार, फोटो निघणार, फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाइलीत. घंटा झाल्यापासून शेवटचा विद्यार्थी बाहेर यायला किती मिनिटं लागली? लिहिलेलं नाही. मैदानात वर्गवार हजेरी घेतली? नाही. संडास आणि लायब्ररीचा कोपरा कोण तपासणार, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला कोणते दोघे उचलणार, याची नावं ठरलेली नाहीत. बरं, आगीची घंटा आणि तास संपल्याची घंटा एकच. पोरं वडापाव खायला कँटीनकडे निघतील, दुसरं काय! बाहेर पडून जिथे जमायचं त्या असेंब्ली पॉइंटच्या पाटीखाली तर दुचाक्यांचं जंगल. बंबाला किमान सहा मीटर मोकळी वाट लागते, इथे स्कूटर बाहेर काढायला चार स्कूटर हलवाव्या लागतात.

सिलिंडरचीही तीच गत. सहा किलोचा एबीसी, म्हणजे कोरड्या पावडरचा, सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. म्हणजे पिन ओढा, नोझल ज्वाळांच्या बुडाशी धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा, हे हाताला आधीच माहीत हवं. दाबाचा काटा हिरव्यात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आत पावडरचा गठ्ठा झालेला असू शकतो. सीओटूच्या सिलिंडरला तर काटाच नसतो, तो वजन करूनच तपासायचा. केमिस्ट्री लॅबमध्ये सोडियम पेटला तर पाणीही नको आणि सीओटूही नको, कोरडी वाळू लागते. लाल बादल्या आहेत की, पण त्यांत गुटख्याच्या पिचकाऱ्या आणि चहाचे कप. अशी ओली वाळू सोडियमवर टाकायची?

हायड्रंट, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या लाइनच्या, बॉक्समधला पितळी नोझल कधीच भंगारात गेलेला. लाइनला गळती, दाब टिकत नाही, म्हणून दाब राखणारा छोटा जॉकी पंप सारखा सुरू होतो. त्याचा आवाज नको म्हणून कुणीतरी पॅनेल ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर टाकतो, म्हणजे पंप आपोआप सुरूच होत नाही. गळती तशीच. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. वरच्या मजल्यावर व्हॉल्व्ह फिरवला की काय येणार? हवा.

तरीही जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जातोच. २००६ चा महाराष्ट्राचा अग्निसुरक्षेचा कायदा जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकतो, फॉर्मवरच्या शिक्क्यावर नाही. सही करण्याआधी पंप सुरू करून शेवटच्या मजल्यावरचा दाब गेजवर बघा ना एकदा!

मुलींच्या होस्टेलचं तर बोलूच नका. रात्री दाराला बाहेरून कुलूप, किल्ली रेक्टर मॅडमकडे, आणि खिडक्यांना न उघडणारं बॉक्स ग्रिल. हे म्हणे सुरक्षेसाठी! निदान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप करा, दाराला आतली कडी ठेवा, वॉचमनकडे दुसरी किल्ली द्या. यासाठी मॅनेजमेंटची मीटिंग लागते?

खरं ड्रिल करायचं तर आता मंगळवारी, लेक्चर बदलताना, कुणालाही न सांगता मुख्य जिन्यात ‘इथे आग आहे’ असा बोर्ड लावा आणि घड्याळ सुरू करा. हे सुचवलं की उत्तर येतं, ‘नॅक झालं ना आता, पुढच्या वेळी बघू.’