विकतचे वाकडे अंगण

माझ्या संगणकात सध्या अकरा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारी वाद्ये, सॉफ्टवेअरच्या रूपाने सुखाने नांदतात. त्यांतल्या एकाचा, म्हणजे यामाहाच्या सीएस-८०चा, मूळ देह सुमारे शंभर किलोंचा होता आणि तो जिन्याने वर न्यायचा म्हणजे वाद्य हलवण्यापेक्षा कपाट हलवण्याची तयारी करावी लागत असणार. माझ्याकडे मात्र तो निमूटपणे मांडीवर बसतो. १९७० सालचा मिनीमूग आणि १९७८ सालचा प्रॉफेट-५ हेही त्याच मांडीवर आहेत. या यंत्रांपैकी एकालाही मी आजवर हात लावलेला नाही आणि बहुधा याच कारणामुळे त्यांचा आवाज कसा असायला हवा, याविषयीची माझी मते अत्यंत ठाम आहेत.

ती मते माझी नव्हेत, माझ्या एका मित्राची आहेत, हे कबूल केलेले बरे. या मित्राकडे ऐंशीच्या दशकातला एक खराखुरा, सहा आवाजांचा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर आहे. सहा आवाजांचा म्हणजे त्यात एकसारखी सहा इलेक्ट्रॉनिक मंडळे असतात आणि आपण दाबलेला प्रत्येक नवा स्वर रांगेतल्या पुढच्या मंडळाकडे सोपवला जातो. मित्राच्या यंत्रातले एक मंडळ कित्येक वर्षांपूर्वी निवर्तले. त्यामुळे त्याने दाबलेला प्रत्येक सहावा स्वर वाजतच नाही. दुरुस्तीसाठी लागणारी चिप मिळेल तेव्हा मिळेल, तोवर तो तसाच वाजवतो आणि इतरांच्या आवाजात जीव नसल्याचे निदान करतो. माझे प्रत्येक ध्वनिमुद्रण ऐकून त्याने आजवर एकच अभिप्राय दिला आहे: “स्वच्छ आहे रे. फार स्वच्छ आहे.” ‘स्वच्छ’ हा शब्द इतक्या तुच्छतेने उच्चारता येतो, हे मला त्याच्याकडूनच कळले.

या तुच्छतेमागचा इतिहास मोठा गमतीचा आहे. जुन्या सिंथेसायझरांमध्ये स्वराची उंची विजेच्या दाबावर ठरत असे. बहुतेकांत एक व्होल्ट वाढला की आवाज एक सप्तक वर जाई. पण हा हिशेब प्रत्यक्षात जिथे होतो त्या ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी एका सप्तकाचा फरक जेमतेम १८ मिलिव्होल्टचा असतो, आणि तोच ट्रान्झिस्टर तापमान एका अंशाने वाढले की सुमारे २ मिलिव्होल्टने आपले मत बदलतो. म्हणजे काहीच उपाय केला नाही, तर खोली एका अंशाने तापताच आवाज अर्ध्या स्वरापेक्षाही अधिक सरकणार. त्या काळातल्या अभियंत्यांनी या रोगाशी अक्षरशः झुंज दिली. एकसारख्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या जुळवल्या, तापमानाची भरपाई करणारे रोधक बसवले. प्रॉफेट-५मध्ये तर मायक्रोप्रोसेसर घालून ‘ट्यून’ नावाचे एक बटणच दिले, ते दाबले की यंत्र स्वतःचे सगळे ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे भाग, स्वतः जुळवून घेई. पुढे स्फटिकाच्या ठोक्यावर चालणारे ऑसिलेटर आले आणि १९८३मध्ये पूर्णपणे डिजिटल असा डीएक्स-७ आला, जो कधी बेसूर होतच नसे. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि जुनी यंत्रे माळ्यावर टाकली.

नंतर संगणक आले. १९९६मध्ये ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमला बाहेरची छोटी सॉफ्टवेअर जोडण्याची व्हीएसटी नावाची पद्धत रूढ होऊ लागली, १९९९मध्ये तिच्या दुसऱ्या आवृत्तीने संगणकाच्या आतच वाद्ये वाजवण्याची सोय केली, आणि माळ्यावरची यंत्रे सॉफ्टवेअरच्या रूपाने एकेक करून खाली उतरली. ती सुरात होती, शांत होती, आज वाजवली तशीच उद्याही वाजत होती. हे ऐकून जाणकार मंडळींनी नाक मुरडले. मग प्रोग्रॅमर लोकांनी पुन्हा बाह्या सरसावल्या आणि ज्या रोगावर त्यांच्या वाडवडिलांनी आयुष्य वेचून औषध शोधले होते, तोच रोग ‘ड्रिफ्ट’ नावाच्या नॉबमधून शून्य ते शंभर अशा मात्रेत उपलब्ध करून दिला. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणतो. माझे अंगण कमालीचे सपाट होते, आणि नाच येत नसल्याचे खापर फोडायला जागाच उरली नव्हती. म्हणून मी पैसे मोजून अंगण वाकडे करून घेतले.

गेल्या शनिवारी मला फक्त चार कॉर्ड ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. प्रत्येकी तीन स्वर, एकूण बारा. संध्याकाळी सहा वाजता बसलो आणि पहिला अर्धा तास एक नॉब फिरवण्यात गेला. पडद्यावरचा नॉब गोल दिसतो म्हणून मी माऊस गोल फिरवला, तेव्हा तो थरथरला. सरळ वर ओढल्यावर मात्र तो गर्रकन शेवटाला जाऊन आदळला. खऱ्या यंत्रासमोर बसलेला वादक एका हाताने कटऑफ (फिल्टरने आवाज कुठून वर छाटायचा ते) आणि दुसऱ्याने रेझोनन्स (त्या छाटणीच्या कडेला किती धार द्यायची ते) एकाच वेळी फिरवतो, तर माझ्याकडे भारी यंत्रे अकरा आणि बोट एकच. त्यावर उपाय म्हणून घेतलेला आठ नॉबांचा कंट्रोलर मी जोडला. त्याचा कटऑफचा नॉब पूर्ण मिटलेला होता आणि पडद्यावरचा अर्धा उघडा. मी हात लावताच दोघांनी एकमत केले आणि आवाज गप्पकन विझला. शिवाय असा नॉब साधारणपणे शून्य ते १२७ एवढ्याच पायऱ्या मोजतो. त्यामुळे सावकाश उघडणारा फिल्टर म्हणून जे मी वाजवले, ते कोणीतरी चपला घालून जिना चढत असल्यासारखे ऐकू आले.

मग मी बिघाडांकडे वळलो. ड्रिफ्ट ३०वर नेला. कोरसची, म्हणजे एकच आवाज अनेकांनी वाजवल्यासारखा दाट करणाऱ्या भागाची, खरखर वाढवली. जुन्या कोरसमध्ये आवाज शेकडो छोट्या धारित्रांतून, आग विझवताना माणसे एकमेकांकडे बादल्या देतात तसा पुढे सरकवला जाई आणि वाटेत थोडासा सांडे. हे सांडणे आता वेगळ्या नॉबवर मिळते. मिनीमूगचे काही वादक हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून ती बाहेरचा आवाज आत घेण्याच्या छिद्रात खुपसत, म्हणजे यंत्र स्वतःचेच शब्द ऐकून चवताळे. त्या वायरीचाही नॉब आहे, तोही वाढवला. सॉफ्टवेअरने पडद्यावर लाकडी बाजू रंगवल्या होत्या आणि त्यांवर बेताचे ओरखडेही काढले होते. ते वाढवण्याचा नॉब मी बराच वेळ शोधला.

याच सुमारास संगणकाचा पंखा सुरू झाला. त्याचा दोष नव्हता. संगणक आवाजाकडे सेकंदाला ४४,१०० वेळा पाहतो आणि त्याच्या निम्म्याहून, म्हणजे २२,०५० हर्ट्झहून, वरचे स्वरांश त्याला पेलत नाहीत; ते वरच्या छताला आपटून भलत्याच ठिकाणी खाली येतात आणि बेसूर किणकिणतात. हे टाळायचे तर तोच हिशेब चौपट किंवा आठपट वेगाने करावा लागतो. त्यात मूगच्या शिडीसारख्या फिल्टरची अडचण वेगळी. त्यातून बाहेर पडणारा आवाज त्याच क्षणी पुन्हा आत शिरतो. वायरी आणि ट्रान्झिस्टर यांना हे सहज जमते, पण संगणकाला उत्तर काढण्यासाठी आधी उत्तर माहीत असावे लागते, आणि म्हणून तो प्रत्येक क्षणी अंदाज करतो, चुकतो, सुधारतो, पुन्हा अंदाज करतो. मी ‘सर्वोत्तम’ या गुणवत्तेवर टिचकी मारली तेव्हा तो हे सगळे माझ्या तीन स्वरांसाठी तीनदा करू लागला आणि कॉर्डऐवजी लाह्या फुटल्यासारखा तडतडाट झाला.

तडतड थांबवायला बफर, म्हणजे आवाजाच्या आधीच हिशेब करून ठेवलेल्या नमुन्यांचा साठा, वाढवावा लागतो. ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंदांचा उशीर, तो चालून जातो. मला २०४८पर्यंत जावे लागले, म्हणजे उशीर ४६ मिलिसेकंदांच्या पुढे गेला. आकडा किरकोळ वाटतो, पण पट्टी दाबल्यावर स्वराने जरा विचार करून यावे, तसा तो येऊ लागला. मी त्याची वाट पाहू लागलो, आणि मी थांबलो म्हणून तो आणखी उशिरा आला. साडेनऊच्या सुमाराला चार कॉर्ड एकदाच्या जमून येत आहेत असे वाटले, त्याच क्षणी सॉफ्टवेअरने पडदा करडा केला आणि मी त्याचा कायदेशीर मालक असल्याचे पुन्हा एकदा सिद्ध करावे, अशी नम्र विनंती केली. मालकी सिद्ध होईपर्यंत दहा वाजले. गेली चाळीस वर्षे वाजत असलेल्या मित्राच्या यंत्राने त्याला असे कधी विचारलेले नाही, हा मुद्दा त्याने माझ्यासमोर किमान पाचदा मांडलेला आहे.

अकरा वाजता ध्वनिमुद्रण पूर्ण झाले. ड्रिफ्ट एव्हाना ६५वर पोचला होता, मागे खरखर होती, कॉर्ड किंचित आजारी वाटत होत्या. मी ते मित्राला पाठवले. पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

“अरे, हे पुष्कळ जवळ गेलंय,” तो म्हणाला. “खरखर अगदी माझ्यासारखी आहे. पण काहीतरी खटकतंय.”

“फिल्टर का?” मी विचारले.

“नाही. फिल्टर ठीक आहे.” त्याने ते पुन्हा ऐकले, मग तिसऱ्यांदा ऐकले. “दुसरी आणि चौथी कॉर्ड जरा... भरलेली वाटते. उगीच दाट. मूळ यंत्रात ती अशी मोकळी असते.”

फोन ठेवल्यावर मी बारा स्वरांकडे पाहत बसलो. तीन आणि तीन सहा, हा हिशेब सुचायला मला जितका वेळ लागला तितका लागायला नको होता. मी सहावा स्वर पुसला. बारावा पुसला. ड्रिफ्ट पुन्हा शून्यावर आणला, खरखर बंद केली, गुणवत्ता साधी केली, पंखा थांबला, आणि तेच ध्वनिमुद्रण मी त्याला परत पाठवले.

“आता आला जीव,” त्याने लिहिले. “बघ, ड्रिफ्ट योग्य प्रमाणात असला की किती फरक पडतो.”