वाचवणाऱ्यापर्यंत पोहोचायची राहिलेली बातमी

आपला जीव वाचवणाऱ्या सोबत्याला एखादा माजी सैनिक उतारवयात शोधू लागला की घरातली माणसेही त्याला म्हातारपणाचे हळवेपण समजतात, आणि मला हा समज अन्यायाचा वाटतो. दृष्टी अधू झालेल्या अशाच एका वृद्ध सैनिकासाठी मी पत्रे लिहून देत होतो. पहिल्या पत्राची सुरुवात मी आभारांनी केली, तेव्हा त्यांनी मला थांबवले. आभार नंतर, आधी मी जिवंत आहे हे लिहा, असे ते म्हणाले. सोबत्याने त्यांना पाठुंगळीला मारून उपचाराच्या तंबूपर्यंत आणले, तेव्हा ते शुद्धीवर नव्हते, आणि तो आल्या पावली आघाडीवर परतला होता.

त्या क्षणापर्यंत मी हा सारा शोध वाचलेल्याच्याच बाजूने पाहत होतो. वाचवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर गोष्ट अर्धवटच राहिलेली असते. जखमीला मागच्या इस्पितळात हलवतात, तिथून आणखी मागे नेतात, आणि तो सेवेस अपात्र ठरला तर पुन्हा आपल्या तुकडीत येतच नाही. तोवर तुकडीही पुढे सरकलेली असते. ज्याला आपण उचलून आणले तो जगला की त्याच रात्री गेला, हे सांगायला त्या माणसाकडे कोणी जात नाही. कदाचित इतकी वर्षे तो त्याला मेलेल्यांतच मोजत आला असेल. म्हणून हा शोध मला केवळ ऋण फेडण्याचा वाटत नाही; एका माणसाच्या हक्काची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचवायची राहून गेली आहे, ती पोहोचवण्याचा हा खटाटोप आहे.

तो कठीण का होतो, हे ज्याने केला त्यालाच कळते. खंदकात माणसे एकमेकांना टोपणनावाने किंवा नुसत्या आडनावाने हाक मारतात. पूर्ण नाव आणि सैनिक क्रमांक कागदावर असतो, सोबत्याच्या तोंडी नसतो. जखमीबरोबर जाणाऱ्या कागदावर जखम, औषध आणि वेळ लिहिलेली असते, पण त्याला कोणी उचलून आणले यासाठी सहसा रकानाच नसतो. शौर्यपदकाच्या शिफारशीला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष लागते, आणि ज्या धुमश्चक्रीत असे प्रसंग घडतात तिथे पाहणारे उरतातच असे नाही. ब्रिटिश सैन्याच्या तुकड्या रोजची युद्ध-दैनंदिनी ठेवत, पण तिच्यात अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या शिपायाचे नाव क्वचितच.

जे लिहिले गेले तेही टिकलेले नाही. सप्टेंबर 1940 मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींपैकी सुमारे 60 टक्के जळाल्या. 12 जुलै 1973 रोजी अमेरिकेतील सेंट लुइसच्या लष्करी नोंदणी केंद्राला आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या, ज्यांच्या दुसऱ्या प्रती कुठेही नव्हत्या. एका फायलीत एखाद्या म्हाताऱ्याच्या सोबत्याचा शेवटचा पत्ता असतो, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत, अशी माझी विनंती आहे.

माणसांना माणसांची खबर पोहोचवणे अशक्य मात्र नाही. 1914 मध्ये रेडक्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी संस्था उघडली आणि तिथे सुमारे 70 लाख कार्डे हाताने भरली गेली, केवळ कोणाचा मुलगा कुठे आहे हे घरी कळावे म्हणून. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार हाती पडलेल्या शत्रूच्या जखमी सैनिकाचेही नाव आणि क्रमांक नोंदवून कळवावे लागते. शत्रूसाठी एवढी काळजी घेता येते, तर एकाच पलटणीतल्या दोघांची गाठ घालून देणे हे नोंदणी कार्यालयांनी आपले काम का मानू नये?

स्मरणावर सगळा भार टाकता येत नाही, हेही मी शिकलो. आमच्या सैनिकाने सांगितलेली तारीख इस्पितळाच्या कागदाशी जुळेना. दोन वेगवेगळ्या दिवसांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या होत्या. कागदावरची तारीख धरली तेव्हाच त्या दिवशीच्या तुकडीचा माग लागला. त्यामुळे घरातल्या कोणी असा शोध हाती घेतला असेल, तर आधी जखमेचे आणि इस्पितळाचे कागद मिळवावेत, आणि माजी सैनिकांच्या मेळाव्यांत चौकशी त्यानंतर करावी.

आमच्यात एका गोष्टीवर बराच वाद झाला. त्यांना सोबत्याचा पत्ता हवा होता. मला वाटत होते की तो मागू नये. युद्धाकडे पाठ फिरवून जगणे ज्याने निवडले असेल, त्याच्या दारात अचानक उभे राहण्याचा अधिकार कृतज्ञतेनेही मिळत नाही. मात्र पत्र पुढे पाठवायला कार्यालयाने नकार देऊ नये, आणि तो हयात नसेल तर ते त्याच्या मुलाबाळांना द्यावे, कारण बापाने एक माणूस जगवला हे त्यांना कदाचित ठाऊकच नसेल. दोन दिवसांनी त्यांनी ते मानले. पत्र बंद पाकिटात घालून, पत्ता न विचारता, कार्यालयाकडे पाठवले. उत्तर दिले नाही तरी चालेल, पण पत्र त्याच्या हाती पडले एवढे मला कळवा, असे कार्यालयासाठीच्या चिठ्ठीत त्यांनी शेवटी लिहायला लावले.