‘कुणाचीही तक्रार नव्हती’ म्हणे!

ताईचा धाकटा आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत त्याला ‘युरोपची औद्योगिक क्रांती’ हा विषय मिळालाय. भाषण पाठ करून त्याने मला ऑडिओ पाठवला, ‘मामा, कसं झालंय सांग.’ आवाज खणखणीत आहे पोराचा. मजकूर मात्र ओळखीचा निघाला. ‘युरोप श्रीमंत का झाला आणि आपण का नाही’ हा फॉरवर्ड गेले काही आठवडे सगळ्या ग्रुपांवर फिरतोय, त्याचीच ही नक्कल. आतापर्यंत मी तो न वाचल्यासारखं करत होतो. पण तेरा वर्षांचा मुलगा तावातावाने म्हणायला लागला की ‘इंग्लंडची मुलं सहाव्या वर्षी कामाला लागली म्हणून तो देश घडला’, तर गप्प कसं बसायचं?

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: जेम्स वॉटने किटलीचं झाकण उडताना पाहिलं, वाफेचं इंजिन शोधलं आणि बघता बघता इंग्लंड पालटलं. खेड्यातली माणसं आपखुशीने शहरात आली, पगार दुप्पट झाले. मुलं आईबापांबरोबर गिरणीत जायची, काम करता करता शिकायची, कुणाचीही तक्रार नव्हती. यंत्रं फोडणारे लुडाईट, म्हणजे तेव्हाचे इंग्लिश कारागीर, अडाणी होते. आणि हे सगळं जमलं, कारण तेव्हा कामगार कायदे नव्हते. शेवटी जोडलेल्या हातांची इमोजी आणि ‘आपली आठ तासांची चैन कधी संपणार?’

किटलीवर फार वेळ घालवत नाही. वाफेचं इंजिन वॉटच्या जन्माआधीपासून चालू होतं. थॉमस न्यूकोमनचं इंजिन १७१२ मध्ये डडलीजवळ कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसत होतं. ते कोळसा इतका खायचं की खाणीच्या तोंडाशीच परवडायचं. वॉटकडे ग्लासगो विद्यापीठातलं याच इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला आलं. प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड करून पुन्हा तापवण्यात वाफ वाया जाते हे त्याने हेरलं आणि वाफ थंड करायला वेगळी टाकी दिली. पेटंट १७६९ चं. गिरण्यांनी तर या इंजिनाची वाटही पाहिली नाही. रिचर्ड आर्कराइट या गिरणीमालकाची क्रॉमफर्डची सूतगिरणी १७७१ मध्ये सुरू झाली ती पाण्याच्या चाकावर. त्यामुळे ‘बघता बघता’ वगैरे काही नाही. हे काम कित्येक दशकं, कित्येक हातांनी केलेलं आहे.

आता मुलांचं. माझा खरा संताप इथे आहे.

‘कुणाचीही तक्रार नव्हती’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने १८३२ च्या ब्रिटिश संसदीय समितीचं नाव ऐकलेलं नसावं. मायकेल सॅडलर हा खासदार तिचा अध्यक्ष होता. गिरणीत लहानपण घालवलेल्या माणसांना समितीने समोर बसवून प्रश्न विचारले आणि प्रश्नोत्तरं जशीच्या तशी छापली. आज कुणालाही ती वाचता येतात. लीड्सच्या एलिझाबेथ बेंटलीची साक्ष वाचा, एवढी एक पुरे. साक्षीच्या वेळी ती २३ वर्षांची होती आणि कामाला लागली तेव्हा सहा. गिरणी जवसाच्या धाग्याची. काम डॉफरचं: साच्यावरच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरच्या, बॉबिनी भरल्या की साचा थांबवायचा, भरलेल्या बॉबिनी काढून न्यायच्या, रिकाम्या चढवायच्या, साचा पुन्हा चालू करायचा. मग पुन्हा तेच. कामाची घाई असली की पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत. जेवायला दुपारी चाळीस मिनिटं. हात मंदावला की चामडी पट्टा.

समितीने तिला विचारलं, घरी घड्याळ होतं का? नव्हतं. मग वेळेवर कशी पोचायचीस? तर तिची आई पहाटे चारला, कधी कधी दोनलाच उठायची. खाणीवर जाणाऱ्या कामगारांची चाहूल लागली की अंथरुणातून उठून बाहेर जायची आणि त्यांना वेळ विचारायची. असं करता करता कधी ही पोर रात्री दोनलाच निघायची आणि धो धो पावसात गिरणीचं दार उघडेपर्यंत ताटकळत उभी राहायची.

याला ‘काम करता करता शिकणं’ म्हणायचं असेल तर म्हणा. काय शिकली ती? साक्षीत ती सांगते की कामामुळे तिचं शरीर वाकडं झालं, आणि ते व्हायला लागलं तेराव्या वर्षाच्या सुमारास. भाच्याचं वय तेवढंच आहे, म्हणून ही ओळ मला अंमळ जास्तच टोचली. तेविसाव्या वर्षी ती गरिबांच्या आश्रयगृहात राहत होती. देश घडला असेल, तिच्या वाट्याला हे आलं.

‘आईबापांबरोबर’ हेही अर्धवट. सुरुवातीच्या पाणचक्कीच्या गिरण्या आडरानात होत्या, तिथे मजूर मिळेनात. म्हणून लंडनसारख्या शहरांतल्या गरिबांच्या आश्रयगृहांतून पोरांची खेपच्या खेप उचलून आणली जायची, करार वयात येईपर्यंतचा. रॉबर्ट ब्लिंको हा असाच एक, लंडनच्या सेंट पँक्रसमधून १७९९ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या गिरणीत पाठवलेला, वय सातेक वर्षांचं. निघण्याआधी या पोरांना सांगितलं होतं की तिकडे भाजलेलं मांस आणि प्लम पुडिंग खायला मिळेल. आईबाप कुठले आले बरोबर?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. गिरण्या येण्याआधी मुलं काम करत नव्हती असं नाही. घरोघरी सूतकताई चालायची आणि पाच-सहा वर्षांची पोरं त्यात असायचीच. तेही कष्टाचंच होतं. पण घरात आई दमलेलं पोर बघून त्याला निजवू शकते. गिरणीत वेग यंत्राचा आणि नजर मुकादमाची.

आणखी एक आक्षेप येईल, म्हणून आधीच सांगतो. सॅडलर समिती एकतर्फी होती असं गिरणीमालक तेव्हाही ओरडत होते, आणि त्यात तथ्य आहे. साक्षी शपथेवर नव्हत्या आणि मालकांची बाजू ऐकून घ्यायच्या आतच समितीचं काम थांबलं. म्हणून मालकांच्याच आग्रहावरून १८३३ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्यानेही जे पाहिलं त्यावरून त्याच वर्षी कायदा करावा लागला. रेशमाच्या गिरण्या सोडल्या तर कापडधंद्यात नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली, नऊ ते तेरा वयाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि रोज दोन तास शाळा. तक्रार नव्हती, तर हे कशासाठी केलं बुवा?

खाणींचं तर बोलूच नये. १८४२ च्या चौकशीत सारा गुडर नावाची आठ वर्षांची मुलगी सांगते की ती खाणीतलं दार उघडायला-मिटायला बसते. उजेड असला की कधी कधी गाते, अंधारात गायची हिंमत होत नाही. त्याच वर्षी बायकांना, मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी झाली.

लुडाईट ‘अडाणी, यंत्राला घाबरणारे’. त्यांच्यातले नॉटिंगहॅमचे मोजे विणणारे ज्या साच्यावर काम करत, तो १५८९ पासूनचा! दोनशे वर्षं यंत्रावर पोट भरणारा माणूस यंत्राला घाबरेल कसा? त्यांचा राग होता तो रुंद साच्यावर कापड विणून, कापून, शिवून बनवलेल्या भिकार मोज्यांवर, न शिकलेल्या पोरांना कामाला लावण्यावर आणि घसरत्या मजुरीवर. यॉर्कशरमधल्या लोकरीच्या कारागिरांचा विरोध थेट यंत्रालाच होता, हे खरं. त्यांनी हिंसाही केली, एका गिरणीमालकाला गोळी घातली. पण संघटना करणंच तेव्हा गुन्हा होता, १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी. दाद मागायची कुठे? १८१२ मध्ये साचा फोडण्याला फाशीची शिक्षा ठरली आणि १८१३ च्या जानेवारीत यॉर्कला सतरा जणांना लटकावलं.

‘पगार दुप्पट’चा हिशोब चार्ल्स फाइनस्टीन या अर्थ-इतिहासकाराने मांडलाय. १७८० च्या दशकापासून १८५० च्या दशकापर्यंत ब्रिटिश कामगार कुटुंबाचं राहणीमान पंधरा टक्क्यांहूनही कमी सुधारलं. सत्तर वर्षांत! त्यानंतर मजुरी खरंच वाढली, हे नाकारत नाही. पण मधल्या दोन-तीन पिढ्यांनी काय करायचं? एडविन चॅडविक या आरोग्य-सुधारकाच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरच्या मजूरवर्गाचं मृत्यूचं सरासरी वय १७ आहे आणि खेडवळ रटलंडच्या मजुरांचं ३८. तान्ही मुलं दगावत म्हणून सरासरी खाली जाते, पण तान्ही मुलं रटलंडमध्येही होतीच की. शिवाय कापूस कुठून यायचा ते फॉरवर्डमध्ये नाही. १८६० च्या आसपास तीन चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांनी पिकवलेला. (‘सगळं भारताच्या लुटीवरच झालं’ असा दुसरा एक फॉरवर्डही आहे, त्याची पाळी नंतर.)

राहिले कायदे. १८३७ मध्ये नॅसॉ सीनियर या अर्थशास्त्रज्ञाने गणित मांडलं की मालकाचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासातून येतो, तास कमी केले तर नफाच संपेल. १८४७ मध्ये गिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा झालाच. चार वर्षांनी लंडनला जगातल्या यंत्रांचं भव्य प्रदर्शन भरलं, आणि इंग्लंडच्या सूतगिरण्यांचं माहेर असलेल्या लँकेशरचा कापडधंदा पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर शिखरावर पोचला, कायद्यांसकट. कायद्याने खर्च वाढतो हे लँकेशरच्या मालकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर मुंबईच्या गिरण्या स्पर्धेत उतरल्यावर त्यांनीच हिंदुस्थानातही कारखाना कायदा लावा म्हणून लकडा लावला. तो १८८१ मध्ये आला, पण फक्त मुलांपुरता: सात वर्षांखाली बंदी, सात ते बारा वयाला नऊ तास. मोठ्यांना काहीच नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं.