पळतीस, हे लिहू नकोस

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, बायोडाटा एकाच पानाचा हवा. घरच्या लॅपटॉपवर तो एका पानात गुण्यागोविंदानं राहत होता. विश्रामबागेतल्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राईव्ह लावला, तिथल्या कॉम्प्युटरला माझा फॉन्ट पटला नाही, आणि शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जाऊन पडल्या. त्या दोन ओळी म्हणजे माझा खो-खो. शिवाजी विद्यापीठाचा संघ, आंतरविद्यापीठ स्पर्धा, कलर होल्डर. एम.कॉम., टॅली, जीएसटी वगैरे मंडळी वर सुखरूप.

"मॅडम, खालचं उडवू का?" दुकानातला पोरगा म्हणाला. "त्याऐवजी हॉबीज टाकतो. रीडिंग अँड म्युझिक. एका ओळीत बसतंय. सगळ्यांच्यात तेच टाकतो."

मी "थांब" म्हणेपर्यंत मागे सातबारा काढायला उभे असलेले एक काका पुढे सरकले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, चष्मा कपाळावर. चष्मा खाली ओढून त्यांनी माझा अख्खा बायोडाटा मोठ्यानं वाचला. जन्मतारखेसकट. बारावीच्या टक्क्यांपाशी जरा थांबले आणि "असू दे" म्हणाले.

"नोकरी कसली?"

"फायनान्स कंपनीत. क्रेडिटला. कर्जाच्या फायली तपासायच्या."

"मग हे खेळाचं काढ."

"का?"

"पोरी, मी पतसंस्थेत कॅशियर होतो. पैशाच्या ठिकाणी पळणारं माणूस चालत नाही. आमच्यातला एक पळाला, अजून सापडला नाही."

"काका, हा खेळ आहे."

"त्यानं पण आधी खेळच केला. आणि त्यानं निदान अर्जात लिहिलं नव्हतं पळतो म्हणून. तू तर सर्टिफिकेट जोडतीयस."

दुकानात मागे अजून चार माणसं जमली होती. कुणालाच घाई नव्हती. काकांना आता विषय सापडला होता.

"खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात का नाही?"

"असतात."

"मग तेवढंच लिही. एका जागी बसायचा अनुभव. ऑफिसात तेच लागतंय."

"बसतात, पण खो मिळाला की उठतात."

"तिथंच चुकतंय. उठायचं कशाला?"

पोरगा माऊस धरून तसाच थांबलेला. त्याचं मत पडलं, क्रिकेट असतं तर ठेवता आलं असतं, स्मृती मानधना आपल्या सांगलीचीच. मी जरा तावातच सांगितलं की जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला आणि पुरुषांचा, महिलांचा, दोन्ही आपण जिंकले. महिलांची कॅप्टन प्रियांका इंगळे, महाराष्ट्राची.

"फायनलला कुणाला हरवलं?" काका.

"नेपाळला."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

काकांनी पोराकडे बघितलं, पोरानं काकांकडे. वर्ल्ड कपचं एवढंसं तोंड झालं.

मग खाशाबा निघाले. ते निघणारच होते. "गोळेश्वरचा माणूस, 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना घेतलं का कुणी फायनान्समध्ये? पोलिसात गेले. तू पण तिकडं बघ. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आहे." आहे, पण त्याला पदक लागतं, आणि आमच्या संघाला ते मिळालं नव्हतं. ही जखम त्या गर्दीत उघडायची मला हौस नव्हती.

खरं सांगायचं तर मी हे कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं नव्हतं, वाचून लिहिलं होतं. अमेरिकेत वॉल स्ट्रीटवरच्या बँका कॉलेजात खेळलेली पोरं आवर्जून घेतात. शिस्त, टीमवर्क, हार पचवणं, सगळं त्यात धरतात. मग अजून वाचलं. लॉरेन रिव्हेरा नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा बड्या कंपन्यांच्या भरतीचा अभ्यास केलाय, आणि तिथं जास्त भाव कुठल्या खेळांना, तर स्क्वॉश, लॅक्रॉस, नाव वल्हवणं. म्हणजे ज्याला बापाच्या खिशाचं पाठबळ लागतं असे. आमच्या खेळाला दोन खांब आणि मैदान लागतं. आता कृष्णेत नाव वल्हवायला शिकले असते तर महापुरात तरी कामाला आलं असतं.

शेवटी मी अक्षर बारीक करायला लावलं आणि दोन्ही ओळी पहिल्या पानावर बसवल्या. काका म्हणाले, "बारीक अक्षर कर्जदार वाचत नाही. कंपनी वाचते."

कंपनीनं वाचलं.

मुलाखतीत दोघं होते. एक मोबाईलमध्ये, दुसरे साहेब बायोडाटात. "खो-खो म्हणजे शाळेत असतो तो?" मी तयारी करून गेले होते. पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की उलटं फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. समोरची निसटतेय हे ओळखून योग्य क्षणी दुसरीला खो द्यावा लागतो. स्वतः गडी मारायचा मोह आवरावा लागतो. हा निर्णय घेत घेत नऊ मिनिटं काढायची असतात. बोलताना माझा मलाच अभिमान वाटत होता. मोबाईलवाल्यांनीसुद्धा वर बघितलं.

"म्हणजे स्टॅमिना चांगला असणार."

"हो सर."

"गुडघ्याला काही दुखापत?"

"नाही."

"टू-व्हीलर येते?"

बैलबाजारात दात बघतात तसं चाललं होतं. ताळेबंद नाही, कॅश फ्लो नाही, सिबिल स्कोअर नाही. एम.कॉम.ला घासलेली सगळी रात्र वाया, आणि सकाळी साडेपाचला मैदानावर गाळलेल्या घामाची किंमत काय, तर गुडघे ठीक आहेत. खेळात डोकं लागतं हे या लोकांच्या गावीच नाही. त्यांचा मुलगा टेनिसच्या क्लासला जात असेल, तिथं मात्र पर्सनॅलिटी डेव्हलप होत असणार.

"कसं आहे," साहेब म्हणाले, "वसुलीला आमच्याकडं माणसं टिकत नाहीत. तुम्ही टिकाल."

मी म्हटलं, अर्ज क्रेडिटला केलाय. ते म्हणाले, कळवतो.

काल फोन आला. क्रेडिटची जागा भरली, वसुलीची आहे, जत लाईनला. पेट्रोल मिळेल, पण गाडीच्या मीटरचा फोटो रोज ग्रुपवर टाकावा लागेल. मी विचारलं, क्रेडिटला कुणाला घेतलं? बाई म्हणाल्या, ते सांगता येत नाही.

"एवढंच सांगा, ते काही खेळतात का?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही मॅडम, त्यांचा बायोडाटा एकदम क्लीन आहे."